द्रवरूप सिलिकोन रबर: गुणधर्म, कामगिरी आणि नर्मदाकाठची कसोटी

नर्मदेच्या उत्तर तटावरील ग्वारीघाट हे जबलपूरकरांच्या स्नानाचे, संध्याकाळच्या दीपदानाचे आणि परिक्रमावासींच्या वाटेवरचे ठिकाण म्हणून मराठी वाचकाला ठाऊक आहे. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाला हा परिसर आणखी एका कारणाने विचारात घेण्याजोगा वाटतो. जबलपूरहून गोंदियाला जाणारा लोहमार्ग याच भागातून नर्मदा ओलांडतो. २०१५ पर्यंत या मार्गावर अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून सातपुड्यातली छोटी गाडी धावत असे. आता तेथे रुंदमापी रूळ असून दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाकडे त्याची व्यवस्था आहे आणि रुळांवरील तारेतून २५ हजार व्होल्ट दाबाची वीज वाहते. ही तार आणि तिला पेलणारा लोखंडी खांब यांच्यामध्ये जो विद्युतरोधक, म्हणजे रोजच्या बोलण्यातला इन्सुलेटर, असतो तो शंभर वर्षे चिनीमातीचा किंवा काचेचा असे. गेल्या काही दशकांत त्याच्या शेजारी, आणि अनेक ठिकाणी त्याच्या जागी, सिलिकोन रबराचे कवच असलेला संमिश्र इन्सुलेटर आला. नदीकाठचे दव, हिवाळ्यातले धुके, आठ महिन्यांची धूळ आणि चार महिन्यांचा पाऊस एवढे सगळे सोसण्याची या रबराची कुवत कशातून येते आणि ती कोठे संपते, हा या आढाव्याचा विषय आहे. सिलिकोन रबराच्या अनेक प्रकारांपैकी येथे मुख्यतः द्रवरूप सिलिकोन रबराचा विचार केला आहे. मात्र त्याच्या घन भावंडाशी तुलना केल्यावाचून त्याचे खरे मोल कळत नाही, म्हणून तीही ओघाने येईल.

प्रथम नावाचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. सिलिकॉन हे मूलद्रव्य आहे आणि वाळू, गारगोटी, काच या सर्वांत ते ऑक्सिजनशी जखडलेल्या स्थितीत आढळते. सिलिकोन हे त्या मूलद्रव्यापासून माणसाने तयार केलेले बहुवारिक, म्हणजे एकाच घटकाची पुनःपुन्हा जोडणी होऊन बनलेल्या लांब साखळ्यांचा पदार्थ आहे. बाजारात दोहोंना सर्रास सिलिकॉनच म्हटले जाते. सिलिकोन हे नाव मुळात एका चुकीच्या अंदाजातून पडले, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग हे रसायनशास्त्रज्ञ या संयुगांचा अभ्यास करीत होते आणि कार्बनच्या कीटोन वर्गाशी त्यांचे साम्य असावे अशा समजुतीने त्यांनी हे नाव दिले. प्रत्यक्षात रचना अगदी निराळी निघाली, नाव मात्र टिकले; आणि ज्या चिकट, स्फटिक न होणाऱ्या पदार्थांकडे किपिंग यांनी फारसे लक्ष दिले नाही, त्यांतूनच पुढे मोठा उद्योग उभा राहिला.

त्या उद्योगाचा पाया १९४० मध्ये अमेरिकेत यूजीन रोकॉव्ह यांनी आणि जवळजवळ त्याच सुमारास जर्मनीत रिचर्ड म्यूलर यांनी स्वतंत्रपणे घातला. शुद्ध गारगोटी विजेच्या भट्टीत कोळशाबरोबर तापवून सिलिकॉन मिळवायचे, त्याच्या भुकटीवरून तांब्याच्या उत्प्रेरकाच्या सान्निध्यात सुमारे ३०० अंश सेल्सिअसला मिथिल क्लोराइड वायू सोडायचा आणि मिळालेल्या मिश्रणातून डायमिथिलडायक्लोरोसिलेन हा द्रव ऊर्ध्वपातनाने वेगळा काढायचा, अशी ही प्रक्रिया आहे. या द्रवाची पाण्याशी गाठ घातली की क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडतो आणि सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे अणू आलटून पालटून जोडले जाऊन साखळी तयार होऊ लागते. वाळूपासून रबर होते असे सुटसुटीत विधान पुष्कळदा केले जाते. परंतु नर्मदेच्या पात्रातली वाळू थेट या कामी येत नाही, कारण तिच्यातील इतर खनिजांचा भाग भट्टीला चालत नाही आणि त्यासाठी निवडक शुद्ध गारगोटीच लागते.

या साखळीचा स्वभाव समजला की पुढील बहुतेक गुणधर्म त्यातून आपोआप उलगडतात. साखळीचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा असतो आणि प्रत्येक सिलिकॉनच्या अंगाला दोन मिथिल गट लोंबत असतात. कण्यातील बंध तोडण्यास प्रतिमोल सुमारे ४५० किलोज्यूल ऊर्जा लागते, तर सामान्य रबराच्या कण्यातील कार्बन-कार्बन बंधाला सुमारे ३५० पुरतात. म्हणून उष्णता, सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि ओझोन यांपुढे सिलिकोन अधिक काळ तग धरते. मात्र कणा जेवढा बळकट, तेवढेच शेजारच्या दोन साखळ्यांमधील आकर्षण दुबळे आहे. बंधांची लांबी अधिक, त्यांमधला कोन मोकळा आणि मिथिल गटांचे आवरण निसरडे, त्यामुळे साखळ्या एकमेकींना धरून राहत नाहीत. कापसाच्या पेळूतल्या तंतूंप्रमाणे त्या सहज सरकतात आणि वळतात. एक साखळी चिवट आणि साखळ्यांचा समूह सैल, या जोडीतच सिलिकोन रबराचे सर्व गुण आणि सर्व दोष सामावलेले आहेत. उणे १२० अंशांच्याही खाली गेल्यावरच या साखळ्या काचेसारख्या गोठतात, म्हणून उणे ५० अंशांच्या आसपासही हे रबर लवचीक राहते. पण त्याच सैलपणामुळे नुसत्या साखळ्यांपासून बनवलेले रबर बोटाने फाटेल इतके कमजोर असते.

ही कमजोरी भरून काढण्यासाठी त्यात अतिसूक्ष्म सिलिका मिसळावी लागते. ही सिलिका ज्वालेत तयार केलेली असते आणि तिचे कण इतके बारीक असतात की एक ग्रॅम भुकटीचे एकूण पृष्ठफळ दोनशे चौरस मीटरच्या घरात जाते. एकूण वजनाच्या साधारण वीस ते तीस टक्के एवढी ही भुकटी साखळ्यांना जागोजागी धरून ठेवते. ती तशीच घातली तर पदार्थ ठेवल्या ठेवल्या घट्ट होत जातो, म्हणून कणांच्या पृष्ठभागावर आधी सिलिकोनशी जुळणाऱ्या रसायनाचे आवरण चढवतात. सिलिकोन रबराच्या उत्पादकांची खरी हातोटी या आवरणात आहे. त्यांच्या पत्रकांवर मात्र त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

घन आणि द्रवरूप सिलिकोन रबर यांतला फरक मुख्यतः साखळीच्या लांबीचा आहे. घन प्रकारात साखळ्या फार लांब असल्याने पदार्थ कणकेच्या गोळ्यासारखा असतो; तो दोन रुळांच्या यंत्रात मळावा लागतो आणि बहुधा पेरॉक्साइडच्या साहाय्याने पक्का केला जातो. द्रवरूप प्रकारात साखळ्या आखूड असतात. हा द्रव पाण्यासारखा वाहत नाही. त्याचा दाटपणा चक्क्याजवळ जाणारा असतो, तरी पंपाने दाब दिला की तो पातळ होऊन वाहू लागतो आणि दाब काढताच पुन्हा दाट होतो. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हा प्रकार उद्योगात आला, तेव्हा त्याची खरी देणगी नव्या गुणधर्मांपेक्षा नव्या कार्यपद्धतीची होती, कारण मळणे, कापणे, तोलणे ही मजुरीची सारी कामे त्याने एका झटक्यात कालबाह्य केली.

ही पद्धती जवळून पाहण्यासारखी आहे. यंत्राशेजारी दोन पिंपे उभी असतात. एकात साखळ्यांच्या टोकांना व्हिनिल गट असलेले सिलिकोन आणि प्लॅटिनमचा उत्प्रेरक असतो. दुसऱ्यात तशाच सिलिकोनबरोबर सिलिकॉन-हायड्रोजन बंध असलेला जोडणारा घटक आणि अभिक्रिया थोपवून धरणारा मंदक असतो. दोन्ही पंप समान मापाने द्रव ओढतात, हवा असल्यास रंगाची तिसरी धार त्यात येऊन मिळते आणि हलता भाग नसलेल्या, आत आडव्यातिडव्या पाती बसवलेल्या नळीतून जाताना सगळे एकजीव होते. प्लॅस्टिकच्या यंत्रात नळकांडे गरम आणि साचा थंड असतो. येथे नेमके उलट असते. नळकांडे पाणी खेळवून २० ते २५ अंशांवर ठेवतात आणि साचा १७० ते २०० अंशांपर्यंत तापवलेला असतो. द्रव साच्यात शिरला की मंदक उडून जातो, हायड्रोजनचा बंध व्हिनिल गटाशी जोडला जातो आणि जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला काही सेकंद या हिशेबाने रबर पक्के होते. या जोडणीत कोणताही उपपदार्थ बाहेर पडत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू आहे. पेरॉक्साइडने पक्क्या केलेल्या रबराला जो वास आणि जो अवशेष राहतो तो येथे नसतो. एकदा मिसळलेला द्रव मात्र साध्या तापमानालाही दोन-तीन दिवसांत घट्ट होतो, त्यामुळे सुट्टीच्या आधी यंत्र रिकामे करण्यास विसरलेल्या कारखान्याला मिश्रक नळ्या फेकून द्याव्या लागतात.

प्लॅटिनमचे प्रमाण दहा लाख भागांत पाच ते तीस भाग एवढे अल्प असते. दहा भाग धरले तर एक किलो रबरात १० मिलिग्रॅम. इतक्या कमी मात्रेवर सारा व्यवहार अवलंबून असल्यामुळे ती मात्रा निकामी करणारी द्रव्येही अल्प प्रमाणातच घातक ठरतात. गंधक, अमाइने, कथिलाची काही संयुगे ही प्लॅटिनमला विषासमान आहेत. साध्या लॅटेक्स रबराचा हातमोजा घालून कामगाराने साच्याला बसवायच्या भागाला हात लावला, तर त्या मोज्यातील अंशमात्र गंधकामुळे नेमका बोटांच्या ठशांपुरता भाग चिकट आणि कच्चा राहू शकतो. दुसरी अडचण साच्याची आहे. तापलेल्या साच्यात हा द्रव क्षणभर अतिशय पातळ होतो आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही अरुंद फटीतून बाहेर येऊन पापुद्रा धरतो. त्यामुळे साचा महाग पडतो, आणि थोड्या नगांसाठी द्रवरूप सिलिकोनकडे वळणे आतबट्ट्याचे ठरते.

गुणधर्मांचे आकडे पाहताना ते कशाशी ताडायचे हे आधी ठरवले पाहिजे. द्रवरूप सिलिकोन रबराची कठिणता शोअर ए या मापावर अतिमऊ ५ पासून कडक ८० पर्यंत ठेवता येते. ताणबल साधारण ५ ते ११ मेगापास्कल मिळते, तर चांगल्या नैसर्गिक रबराचे २० च्या वर जाते. तुटण्यापूर्वी ते मूळ लांबीच्या दोनशे ते नऊशे टक्के लांबते. घनता पाण्याहून थोडी अधिक, १.१ ते १.२ असते. एक मिलिमीटर जाडीचा थर साधारण २० हजार व्होल्ट सहन करतो. म्हणजे बळाच्या स्पर्धेत सिलिकोन सामान्य रबरापुढे हरते. ते जिंकते ते बळ टिकवून धरण्यात. शंभर अंशांवर काही महिने ठेवलेले नैसर्गिक रबर ठिसूळ होऊन चुरगळते, सिलिकोन मात्र २०० अंशांवरही दीर्घकाळ लवचीक राहते. हेच दाबून ठेवलेल्या वाशरबाबतही दिसते: दाब काढल्यावर जी कायमची चेप उरते ती योग्य रीतीने भाजलेल्या सिलिकोनमध्ये कमी असते, म्हणून गाड्यांच्या विद्युत जोडण्यांत, प्रेशरकुकरच्या रिंगांत आणि वैद्यकीय उपकरणांत त्याला मागणी आहे. मात्र उच्च दाबाची वाफ, तीव्र आम्ले, अल्कली आणि पेट्रोलसारखे द्रव त्याला मानवत नाहीत. पेट्रोलमध्ये ते चांगलेच फुगते.

ग्वारीघाटासारख्या ठिकाणी यांतले अनेक आकडे निरुपयोगी ठरतात, ही गोष्ट खरेदीचे निकष ठरवणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. जबलपूरचे किमान तापमान हिवाळ्यात दहा अंशांखाली आणि कमाल उन्हाळ्यात बेचाळीसच्या वर जाते. उन्हात तापलेला पृष्ठभाग त्याहून बराच गरम झाला, तरी उणे ५० ते २०० या पट्ट्याचा जेमतेम चौथा भाग वापरात येतो. २०० अंशांची सहनशीलता ही तेथे शोभेची वस्तू आहे. खरी परीक्षा होते ती पृष्ठभागाची, आणि तिचा आकडा बहुतेक पत्रकांवर छापलेला नसतो.

ती परीक्षा अशी आहे. इन्सुलेटरच्या आतून वीज सहसा जात नाही. ती त्याच्या अंगावरून सरकत जाते. म्हणून त्याला छत्र्यांसारख्या चकत्या दिलेल्या असतात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पृष्ठभागावरून मोजलेल्या अंतराला, म्हणजे पृष्ठमार्गाला, महत्त्व असते. हवा जेवढी मळकी तेवढा हा मार्ग लांब लागतो; रूढ संकेतानुसार हलक्या प्रदूषणात प्रत्येक किलोव्होल्टला १६ मिलिमीटर, तर अतितीव्र प्रदूषणात ३१. ज्या वाहिनीचा कमाल दाब १४५ किलोव्होल्ट आहे, तिला तीव्र प्रदूषणासाठीच्या २५ च्या हिशेबाने ३६२५ मिलिमीटर आणि ३१ च्या हिशेबाने ४४९५ मिलिमीटर लागतात. चिनीमातीच्या बाबतीत एवढी लांबी का लागते, तर तिचा पृष्ठभाग पाण्याला आपलेसे करतो. ऑक्टोबरपासून साचत आलेली धूळ, धूर आणि क्षार यांवर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दव उतरते आणि सलग ओला थर तयार होतो. त्यातून गळती प्रवाह वाहतो, त्याच्या उष्णतेने थराचा एखादा पट्टा सुकतो, सगळा विद्युतदाब त्या अरुंद कोरड्या पट्ट्यावर एकवटतो आणि तेथे ठिणग्या उडू लागतात. ठिणग्या एकमेकींना मिळाल्या की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ज्योत धावते. यालाच फ्लॅशओव्हर म्हणतात. मुसळधार पाऊस या बाबतीत उपकारक असतो, कारण तो धूळ धुऊन नेतो. वाईट असते ते रिमझिम, दव आणि धुके. म्हणून जबलपूरच्या परिसरात सर्वांत नाजूक काळ पावसाळ्याचा नसून थंडीचा मानला पाहिजे. उत्तर भारतातील पारेषण वाहिन्यांवर धुक्याच्या दिवसांत जे वारंवार खंड पडत, त्यांवर उपाय म्हणूनच तेथे चिनीमातीच्या तबकड्यांच्या जागी बहुवारिकाचे इन्सुलेटर मोठ्या प्रमाणावर बसवण्यात आले.

सिलिकोनवर पाणी पसरत नाही, अळवाच्या पानावर राहते तसे थेंबाथेंबाने राहते. हा गुण नव्या प्लॅस्टिकमध्येही आढळतो. पण त्यावर धुळीचा थर बसला की धूळ पाणी पिते आणि गुण संपतो. सिलिकोनचे वेगळेपण यापुढे आहे. रबराच्या जाळ्यात न अडकलेल्या आखूड साखळ्या आतून हळूहळू पृष्ठभागाकडे येतात, धुळीच्या थरात शिरतात आणि त्या धुळीलाच पाणी नाकारायला लावतात. ठिणग्यांनी किंवा सततच्या ओलीने पृष्ठभागाचा हा गुण गेला, तरी काही तास ते काही दिवसांच्या विश्रांतीनंतर तो परत येतो. मळ अंगावर वागवूनही कोरडा राहणारा हा पृष्ठभाग चिनीमातीला कधीच साधणार नाही. त्याची प्रत्यक्ष पाहणी करण्याची रीत साधी आहे. स्वीडनमधील एसटीआरआय या संस्थेने रूढ केलेल्या पद्धतीनुसार झाडांवर पाणी फवारण्याच्या बाटलीने सुमारे वीतभर अंतरावरून वीस ते तीस सेकंद फवारा मारायचा आणि नंतर दहा सेकंदांच्या आत थेंबांचे रूप पाहून सातपैकी एक श्रेणी द्यायची: पहिल्या श्रेणीत सुटे, गोल थेंब, चौथ्या-पाचव्यात वेडेवाकडे ओले पट्टे, सातव्यात सलग पाण्याचा पापुद्रा. वीज बंद असताना शिडीवर चढलेला तंत्रज्ञ एवढ्या साधनाने जे सांगू शकतो, ते जाडजूड पत्रकातून कळत नाही.

येथे एक विरोध उभा राहतो, आणि तो या संपूर्ण विषयाचे मर्म आहे. त्याच द्रवरूप सिलिकोनपासून तान्ह्या बाळाच्या दुधाच्या बाटलीचे बोंडले बनते. ते साच्यातून काढल्यावर ताज्या हवेच्या भट्टीत २०० अंशांवर सुमारे चार तास भाजतात, कारण न अडकलेल्या आखूड साखळ्या दुधात उतरू नयेत. अन्नाशी संबंध येणाऱ्या सिलिकोनमधील अशा बाष्पशील भागाला जर्मनीत अर्ध्या टक्क्याची मर्यादा आहे. म्हणजे बाळाच्या बोंडल्यात जो अंश दोष ठरतो, तोच थोड्या निराळ्या लांबीच्या साखळ्यांच्या रूपात इन्सुलेटरचा प्राण ठरतो. सिलिकोन शुद्ध की अशुद्ध, उत्तम की मध्यम, हा प्रश्न उपयोगापासून तोडून विचारता येत नाही. वर्तुळाकार आखूड साखळ्यांपैकी डी४, डी५ आणि डी६ या तिघींना युरोपीय महासंघाने २०१८ मध्ये अतिचिंताजनक द्रव्यांच्या यादीत घातले, हेही या संदर्भात लक्षात घ्यावे लागते. पक्क्या रबरात त्यांचे प्रमाण किती ठेवावे यावर उत्पादकांचे लक्ष तेव्हापासून वाढले आहे.

ठिणग्या थांबल्याच नाहीत तर काय होते, या प्रश्नाचे उत्तर द्रवरूप प्रकाराला पूर्णपणे अनुकूल नाही. कार्बनी रबर ठिणगीने जळते तेव्हा मागे कोळशाची काळी रेघ उरते आणि ती स्वतःच वीज वाहून नेते. सिलिकोन जळाल्यावर मागे मुख्यतः पांढरी सिलिका उरते आणि ती वीज नेत नाही. ही त्याची जन्मजात सुरक्षितता आहे. परंतु उष्णतेने पदार्थ झिजून खड्डे पडतातच. ते टाळण्यासाठी अॅल्युमिनियम ट्रायहायड्रेट ही पांढरी भुकटी मिसळतात, जी सुमारे २०० अंशांपुढे तापली की आपल्या वजनाच्या एकतृतीयांशाहून थोडे अधिक पाणी सोडते आणि ठिणगीची जागा थंड करते. घन सिलिकोनमध्ये ही भुकटी निम्म्या वजनापर्यंत किंवा त्याहूनही अधिक घालता येते. द्रवरूप प्रकारात तेवढी घातली तर द्रव द्रवच राहत नाही. त्यामुळे घन प्रकार झीज सोसण्यात आणि द्रवरूप प्रकार पाणी नाकारण्यात सरस, अशी ढोबळ विभागणी पडली आहे. खुल्या वाहिन्यांवरच्या इन्सुलेटरांत घन प्रकाराचे वर्चस्व आहे. केबलींची टोके, जोडण्यांमधील विद्युतक्षेत्र समतोल करणारे शंकू आणि उपकेंद्रांतील पोकळ इन्सुलेटर यांत, जेथे गुंतागुंतीचा आकार, बुडबुड्यांचा अभाव आणि कमी दाबाने भरला जाणारा साचा हवा असतो, तेथे द्रवरूप प्रकार हक्काने वापरला जातो. मध्य प्रदेशच्या पारेषण कंपनीचे आणि पूर्व क्षेत्राच्या वितरण कंपनीचे मुख्यालय जबलपुरातच आहे, आणि अशा कंपन्यांच्या भांडारात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही करड्या रंगाचे रबरच दिसते.

जिवंत सृष्टीचाही यात वाटा आहे. दमट प्रदेशात सिलिकोनवर शेवाळ धरते; श्रीलंकेतील इन्सुलेटरांवर त्याचा अभ्यास झाला आहे. शेवाळ ओल धरून ठेवते आणि पृष्ठभागाला कोरडे होऊ देत नाही, म्हणून नदीकाठच्या सावलीतल्या खांबांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. ऑस्ट्रेलियात काकाकुवा पोपटांनी वीज नसलेल्या वाहिन्यांवरील मऊ चकत्या कुरतडल्याचे प्रसिद्ध आहे. उलट दगड मारणाऱ्या पोरांपुढे चिनीमाती फुटते आणि रबर टिकते, आणि वजन चिनीमातीच्या साखळीच्या मानाने अगदी थोडे असल्याने ते खांबावर चढवणे सोपे जाते; रेल्वेला हे दोन्ही मुद्दे महत्त्वाचे वाटतात.

आता पुन्हा साखळ्यांच्या सैलपणाकडे वळावे लागते, कारण सर्वांत गंभीर दोष तेथूनच निघतो. सिलिकोन पाण्याचा थेंब नाकारते, पण पाण्याची वाफ अडवत नाही. ऑक्सिजन त्यातून नैसर्गिक रबरापेक्षा वीस-पंचवीस पट सहज जातो आणि वाफही तशीच मोकळेपणाने जाते. साखळ्यांमधील मोकळ्या जागा वायूच्या रेणूला पुरेशा असतात. याच गुणामुळे सिलिकोन मिसळलेल्या डोळ्यांच्या लेन्समधून बुबुळाला प्राणवायू मिळतो. इन्सुलेटरमध्ये मात्र कवचाच्या आत ताण पेलणारी काचतंतूंची कांडी असते. कांडी आणि रबर यांच्यामध्ये केसाएवढी पोकळी राहिली असेल, तर आत गेलेली वाफ तेथे पाणी होऊन बसते. त्यात विद्युत विसर्जनामुळे तयार झालेले नायट्रिक आम्ल मिसळले की काचतंतू एकेक करून कापले जातात आणि कांडी एके दिवशी, तिच्या नेमून दिलेल्या बळाच्या थोड्याच भागाच्या ताणाखाली, सुरीने कापावी तशी सपाट तुटते. रबर तोपर्यंत ठणठणीत असते. म्हणून कांडीवर आधी जोडद्रव्याचा पातळ हात देऊन त्यावर रबर साच्यात थेट चढवणे, आणि जेथे कांडी, रबर व धातूची टोपी हे तिघे भेटतात तो सांधा पूर्ण बंद करणे, ही या वस्तूच्या निर्मितीतील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. आम्लाला दाद न देणाऱ्या काचेची कांडी वापरणे हा त्यावरचा दुसरा उपाय.

आंतरराष्ट्रीय विद्युत तांत्रिक आयोगाच्या मानकांनी ही गोष्ट ओळखली आहे. त्यांतील एका चाचणीत संपूर्ण इन्सुलेटर ०.१ टक्के मीठ घातलेल्या पाण्यात ४२ तास उकळतात आणि नंतर त्याला तीव्र चढाचे विद्युत धक्के देतात. दुसऱ्या चाचणीत रबरासकट कापलेले कांडीचे तुकडे तशाच पाण्यात १०० तास उकळून १२ किलोव्होल्टच्या दाबाखाली एक मिनिट ठेवतात आणि गळती प्रवाह एक मिलिअँपियरच्या आत राहतो का ते पाहतात. खाऱ्या धुक्याच्या कोठडीतली १००० तासांची चाचणी पृष्ठभागाची आहे, तर या दोन चाचण्या सांध्याच्या आहेत. ताणबल, कठिणता आणि २०० अंशांची सहनशीलता यांचे रकाने निविदेत हौसेने भरले जातात; त्यांच्यावरून दोन उत्पादकांत भेद करता येत नाही, कारण ते सगळेच आकडे बहुतेकांना साधतात.

विल्हेवाटीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे आणि ते फारसे उत्साहवर्धक नाही. एकदा पक्के झालेले सिलिकोन पुन्हा वितळत नाही; रासायनिक मार्गाने साखळ्या तोडून मूळ द्रव परत मिळवता येतो, पण कांडी, धातू आणि भुकटी यांपासून रबर सोडवण्याचा खर्च त्याच्या किमतीशी झगडतो. चिनीमातीचे तुकडे निदान भरावात जातात.

एवढ्या विचारानंतर नर्मदाकाठच्या दवाळ, धुळकट हवेसाठी सिलिकोनचा पृष्ठभाग चिनीमातीपेक्षा योग्य आहे, हा निर्णय देण्यास अडचण वाटत नाही. खुल्या वाहिनीवर, जेथे ठिणग्यांची शक्यता अधिक आहे, तेथे भुकटीयुक्त घन प्रकार आणि केबलींच्या टोकांना व पोकळ इन्सुलेटरांना द्रवरूप प्रकार, ही सध्याची वाटणीही सयुक्तिक आहे. खरेदी करणाऱ्या अभियंत्याने मात्र रबराच्या गुणधर्मांचा तक्ता वाचण्याआधी ४२ आणि १०० तासांच्या उकळण्याच्या चाचण्यांचे अहवाल मागवावेत, आणि बसवल्यानंतर दर हिवाळ्याच्या तोंडाशी, दव पडू लागण्यापूर्वी, वाहिनी बंद असताना फवाऱ्याची बाटली घेऊन माणूस वर पाठवावा.